मोटारींच्या बैठका शिवणाऱ्याने बोटींच्या गाद्यांचे काम घ्यावे का?

टीपदोरा:
मंडळी, नमस्कार. गेली काही वर्षे मी मोटारींच्या बैठका शिवण्याचे, छताचे अस्तर बदलण्याचे आणि दारांच्या आतील फळ्या मढवण्याचे काम करतो. फर्मा काढणे, बेतणे, टीप मारणे आणि तारेच्या कड्यांनी कव्हर सांगाड्यावर ताणून बसवणे हे सारे आता हातात बसले आहे. अलीकडे बोटींच्या गाद्यांसाठी विचारणा होऊ लागली आहे. मशीन तेच, सुई-दोरा तोच आणि रेक्झिन तेवढे भारी, एवढाच फरक असेल तर काम घ्यायला हरकत नाही. परंतु ज्यांची दोन्ही कामांत हयात गेली आहे त्यांना विचारावेसे वाटते की मोटारीवर शिकलेले बोटीवर कितपत चालते, आणि या धंद्यात उतारवयापर्यंत टिकता येते का.

जुना टाका:
माझी हयात दोन्हींत गेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘सुई-दोरा तोच’ हा भाग मात्र आधी खोडून टाका. मोटारीत नायलॉनचा दोरा उत्तम चालतो, कारण तो मजबूत असतो आणि ताण आला की किंचित लांबतो. पण उघड्या बोटीवर दिवसभर ऊन खाल्ल्यावर तोच दोरा कमकुवत होत जातो, आणि कापड धडधाकट असताना शिवण बोटाने ओढली तरी उसवते. म्हणून तेथे किमान उन्हाला टिकणारा बाँडेड (लेप देऊन पदर एकमेकांना चिकटवलेला) पॉलिस्टरचा दोरा वापरावा. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा, दोरा उन्हाला जवळजवळ दाद देत नाही, मात्र तो निसरडा असल्यामुळे वरचा आणि बॉबिनचा ताण नव्याने जुळवावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक आधी तुमच्या तोंडाकडे पाहते.

खरा फरक पाण्याचा आहे. नवखा कारागीर पाणी आत येऊ नये म्हणून धडपडतो, तर मुरलेला कारागीर ते येणार हे गृहीत धरून त्याला बाहेर पडायला वाट ठेवतो. रेक्झिन कितीही जलरोधक असले तरी प्रत्येक टाका म्हणजे एक छिद्र असते. गादीवर माणूस बसला की आतली हवा त्या छिद्रांतून बाहेर पडते, आणि तो उठला की फोम फुलताना शिवणीवर साचलेले पाणी त्याच छिद्रांतून आत ओढले जाते. गादीच्या खालच्या बाजूला जाळीचे कापड लावले आणि ती ज्या फळीवर बसवतात तिला पुरेशी भोके पाडली, तर हवा खालून ये-जा करते आणि आत शिरलेले पाणीही तेथूनच निथळते. मोटारीच्या बैठकीखालची बाजू आपण फारशी पाहत नाही. बोटीच्या गादीचे आयुष्य त्याच बाजूवर ठरते.

कापड फळीवर ठोकण्याच्या लोखंडी पिनांचेही तसेच आहे. खाऱ्या हवेत त्या गंजतात, कापडावर तपकिरी ओघळ येतात आणि मग कापडच फळीवरून सुटते. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाच्या पिना घ्याव्यात. त्यातील मॉलिब्डेनममुळे खाऱ्या पाण्याचा गंज लांब राहतो.

मोटारीवरचे जे ज्ञान पुरेपूर उपयोगी पडते, ते उसवण्याचे. जुने कव्हर घाईने फाडून टाकणारा कारागीर निम्मी माहिती कचऱ्यात टाकतो. प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू, शेजारचा तुकडा आणि जुळणीच्या खाचा खडूने लिहून मगच शिवण सोडावी, आणि जुने कापड जिथे ताणून लांबले असेल तिथे त्याचे माप जसेच्या तसे न घेता सांगाड्यावर पुन्हा तपासावे. नाहीतर नवी बैठक पहिल्या दिवसापासूनच सैल दिसते.

शरीराविषयी थोडक्यात सांगतो. टेबल कमरेच्या उंचीचे करून घ्या, जाड थर बोटांनी ओढण्याऐवजी ते काम वॉकिंग फूटच्या, म्हणजे वरचा पायही कापडाबरोबर पुढे सरकणाऱ्या, मशीनवर सोडा आणि चिकटद्रव्य फवारताना खोली उघडी ठेवून मुखवटा लावा. माझ्या पाहण्यातील बहुतेकांनी धंदा सोडला तो पाठीमुळे किंवा डोळ्यांमुळे. कामाचा कंटाळा आला म्हणून सोडणारे विरळाच.

डोलकाठी:
मी कारागीर नाही, बोटीचा मालक आहे. तरी गिऱ्हाइकाच्या बाजूने एक भर घालतो. पांढऱ्या गाद्यांवर गुलाबी डाग उमटले, ते साबणाने, सोड्याने आणि घासणीने घासूनही हटले नाहीत. मागच्या कारागिराने मला ‘स्वच्छता ठेवा’ एवढेच सांगितले होते. नंतर एका जाणत्या माणसाने गादी उलटी करून खालून उघडली, तेव्हा ओलसर फोममधूनच तो रंग वर आलेला दिसला. आत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेले रंगद्रव्य रेक्झिन मऊ ठेवणाऱ्या द्रव्यात विरघळते आणि आतून बाहेर झिरपते, हे त्यांच्याकडूनच कळले. बुरशीरोधक रेक्झिन घ्याच, पण खाली फोम ओला राहणार असेल तर त्याचाही फारसा उपयोग नाही.

दुहेरी शिवण:
जुना टाका यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त मोटारीचे काम जणू सोपे आणि बोटीचे अवघड असा कोणाचा समज होऊ नये. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बैठकीच्या पाठीत बाजूच्या एअरबॅग येऊ लागल्या. त्यांपैकी अनेक बैठकांत एअरबॅग फुगताना एक ठरावीक शिवण फाटावी, अशीच तिची रचना असते आणि तिचा दोरा व टाक्याची लांबी त्या हिशेबाने ठरवलेली असते. तेथे आपला जाड दोरा लावून ‘मजबूत’ शिवण मारणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. अशा बैठकीला हात लावण्यापूर्वी उत्पादकाची पुस्तिका वाचावी, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि सांगितलेला वेळ थांबावे. शिवाय काही गाड्यांत पुढच्या प्रवाशाचे वजन ओळखणारा संवेदक फोमखाली असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून तेथे फोमची जाडी वाढवू नये. आगीचाही विचार हवा: अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक ३०२ नुसार आतील साहित्याची ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. दिसायला सुंदर असलेले घरगुती पडद्याचे कापड या कसोटीला उतरेलच असे नाही.

टीपदोरा:
सर्वांचे आभार. फोमविषयी मात्र अजून संभ्रम आहे. पाणी अजिबात न शोषणारा बंद पेशींचा फोम सगळीकडे वापरला, तर ओलाव्याचा प्रश्नच मिटणार नाही का?

जुना टाका:
ओलाव्याचा मिटेल, बसणाऱ्याचा मिटणार नाही. बंद पेशींचा फोम कडक असतो. पातळ गादीला किंवा पाठीच्या टेकूला तो ठीक आहे, पण तासन्‌तास बसण्याच्या जागी लोक तक्रार करतात. उघड्या डेकवरील जाड गादीसाठी पाणी आरपार जाऊ देणारा, मोठ्या छिद्रांचा जाळीदार फोम घ्यावा आणि त्याखाली मी वर सांगितलेली जाळी लावावी. केबिनमधील गाद्यांना मात्र पावसाचा मारा नसतो, तेथे चांगल्या घनतेचा साधा फोम चालतो. फक्त गादी फळीवर सपाट न टेकता तिच्याखाली हवा खेळेल एवढी फट ठेवा. पहिले काम घ्यायचे असेल तर केबिनचेच घ्या, आणि पावसाळ्यानंतर त्या गाद्या एकदा उलटून पाहण्याची परवानगी मालकाकडून आधीच मागून ठेवा.