दिलासा न देणाऱ्या छोट्या कादंबऱ्या सुचवा (आणि सुचवाव्यात का, तेही बोला)

पानगळ
मन हलकं करणाऱ्या ‘फील-गुड’ पुस्तकांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. मला दुसऱ्या बाजूची यादी करायची आहे: साधारण दीडशे पानांत संपणाऱ्या, गंभीर, शेवटी वाचकाची समजूत न काढणाऱ्या कादंबऱ्या. नुसतं नाव नको, का वाचावी तेही लिहा.

पहिली माझ्याकडून. तोलस्तोयची ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’ (१८८६). न्यायखात्यातला एक अधिकारी वारल्याची बातमी येते आणि सहकाऱ्यांच्या मनात आधी येते ती रिकामी झालेली जागा: आता कोणाची बढती, कोणाची बदली. मग मागे जाऊन त्याचं आजारपण. त्यात त्याला सर्वांत जास्त छळतं ते भोवतालचं खोटं. तो मरतोय हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उच्चारायचं कोणीच नाही. खोटं वागत नाही तो एकटा गेरासिम हा नोकर. मालकाचे पाय खांद्यावर घेऊन तो रात्री बसून राहतो.

दुसरी मार्केझची ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ (१९८१). खून होणार हे पहिल्याच वाक्यात कळतं. मारणारे जुळे भाऊ भेटेल त्याला सांगत सुटतात. कोणीतरी अडवावं असंच त्यांना वाटत असावं. त्यांच्या सुऱ्या काढून घेतल्या जातात, ते दुसऱ्या आणतात. इतक्या लोकांना माहीत असून खून होतोच.

अशी गोष्ट लहानच हवी, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कादंबरीत आपण दुःखाला सरावतो. इथे ती सवड मिळत नाही.

उलटपक्ष
यादी चांगली, पण ठाम मताशी साफ असहमत. लहान आकारात लेखकाला काहीतरी गाळावं लागतं आणि बहुतेक वेळा आनंद गाळला जातो. उरलेलं गंभीर दिसतं, पण आयुष्य म्हणून ते अपुरंच. तोलस्तोयच्याच ‘अ‍ॅना कॅरेनिना’त अ‍ॅनाचा शेवट आहे, आणि लेव्हिन हा जमीनदार शेतकऱ्यांबरोबर दिवसभर गवत कापतो तो भागही आहे. तो सुखाचा दिवस वाचलेला असतो म्हणून अ‍ॅनाचं जाणं जास्त लागतं.

स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) अशा याद्यांत हमखास असते. म्हाताऱ्या कँडीचा कुत्रा गोळी घालून मारला जातो तिथेच लेनीचं, म्हणजे जॉर्ज या मजुराच्या मंदबुद्धी सोबत्याचं, काय होणार ते ठरतं. पुढची पानं आपल्याला शेवटच्या गोळीकडे ढकलत नेतात. मला ती रचना दिसत राहते.

पानगळ
कुत्र्याचा प्रसंग नुसती पूर्वसूचना नाही हो. त्याला परक्या माणसाकडून मारू द्यायला नको होतं, आपणच मारायला हवं होतं, असं कँडी नंतर जॉर्जला सांगतो. जॉर्ज शेवटी स्वतःच लेनीला गोळी घालतो, त्याचं मूळ त्या बोलण्यात आहे. त्याला रचना म्हणा, पण ती दोन माणसांमधून आलेली आहे.

आणि आनंद गाळलेला नसतो. इव्हान इलिच सर्वांत रमतो ते नवं घर सजवताना. पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, घसरतो, कुशीला मार लागतो. सुख आणि आजाराची सुरुवात त्याच दिवसांत.

संथवाचक
माझी हरकत वेगळी आहे. कोणाला सुचवता त्याचा विचार कोण करतं? ज्याच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय, त्याच्या हातात इव्हान इलिच देणं मला निष्ठुरपणा वाटतो. पान कमी म्हणून माणूस सहज उचलतो आणि नको त्या वेळी अडकतो. पुस्तक कशाबद्दल आहे ते आधी स्पष्ट सांगा. रहस्य फुटलं तरी चालेल.

पानगळ
सांगायला हवं, बरोबर. पण आपणच परस्पर ठरवून ते पुस्तक लपवलं, तर आपणही इव्हान इलिचच्या घरातल्या माणसांसारखंच वागलो.

नदीकाठ
अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (मूळ कन्नड, १९६५) हवीच. आचारधर्म धुडकावणारा नारणप्पा मेला आहे, त्याचा दहनविधी कोणी करायचा यावर अग्रहार (ब्राह्मणांची वस्ती) अडून बसला आहे आणि प्रेत तसंच पडून आहे. तिथले पंडित प्राणेशाचार्य यांचं पुढे काय झालं, नारणप्पाच्या रखेलीशी आलेल्या संबंधाची ते कबुली देतात का, हे कादंबरी सांगतच नाही.

शिवाय क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१). आयर्लंड, १९८५. कोळसाविक्रेता फर्लाँगला मठाच्या कोळशाच्या कोठीत कोंडलेली मुलगी सापडते. तिथल्या मॅग्डलीन लाँड्री (मुली-बायकांना डांबून कपडे धुवून घेणारी कॅथलिक मठांची धुलाईघरं) खरोखर होत्या. शेवटची १९९६ मध्ये बंद झाली.

उलटपक्ष
कीगन या यादीत बसत नाही. फर्लाँग त्या मुलीला घरी घेऊन निघतो, वाचक सुखावतो. आणि इव्हान इलिचलाही शेवटी मृत्यूच्या जागी प्रकाश दिसतो. हा दिलासा नाही तर काय?

नदीकाठ
फर्लाँगच्या मुली शिकतात ती शाळा त्याच मठाच्या छत्राखाली आहे. तो दारात पोचण्याआधी कादंबरी थांबते. मला तरी सुखावल्यासारखं झालं नाही.

पानगळ
प्रकाश दिसतो, पण त्याला एकट्याला. तोलस्तोयने मरणानंतरचं प्रकरण पहिलं ठेवलंय ते विसरू नका. सरकारकडून जास्त पैसे कसे मिळतील याची बायकोने केलेली चौकशी आपण आधीच वाचलेली असते. त्या प्रकाशातलं काहीही बाकीच्यांपर्यंत पोचलेलं नाही, हे माहीत असताना आपण शेवटचं पान वाचतो.

उलटपक्ष
प्रकरणांच्या क्रमाचा मुद्दा जोरदार आहे. तो लक्षात ठेवून पुन्हा वाचतो. ‘लहानच हवी’ मात्र अजून पटलेलं नाही. काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या (१९१५) शेवटाबद्दल कोणीतरी लिहा: किडा झालेला ग्रेगोर मेल्यावर घरचे ट्रामने फिरायला निघतात आणि आईबापांना मुलगी एकदम उपवर दिसायला लागते. यादीत माझ्याकडून ती धरा.