बाळू सापळ्यात सापडला
(घरचा ग्रुप ‘चोपड्याची मंडळी’, २८ डिसेंबर २०२२ ते १ जानेवारी २०२३)

बुधवार, २८ डिसेंबर

बाळू सिंगापूर, सायं. ६.१०
उतरलो मुंबईला. एक गंमत झाली. २४ तारखेपासून बाहेरदेशातून येणाऱ्या शंभरात दोघांची कोरोना तपासणी करतात ना, त्या दोघांत माझा नंबर लागला. घशात काडी, नाकात काडी, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, जा.

काकू, ६.१२
अरे देवा! तुलाच का धरलं? खोकत होतास का?

बाळू सिंगापूर, ६.१३
नाही गं आई. विमान कंपनीनेच नावं काढली होती. माझ्या शेजारचा पूर्ण वेळ शिंकत होता, त्याला कोणी विचारलं नाही 😀

वहिनी जळगाव, ६.२०
भाऊजी, रिपोर्ट कधी येणार? पिल्लू आठ महिन्यांचं आहे म्हणून विचारते. राग मानू नका.

नाना धुळे, ६.२४
*फॉरवर्ड केलेला मेसेज* सावधान!! एक्सबीबी व्हेरियंट पाचपट घातक, खोकला नाही ताप नाही, थेट फुप्फुसावर हल्ला, सर्व ग्रुपला पाठवा 🙏

ताई पुणे, ६.३१
पप्पा, हा मेसेज खोटा आहे. २२ तारखेलाच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तसं जाहीर केलंय. निदान आपल्या ग्रुपवर तरी नका टाकू.

नाना धुळे, ६.३३
मला आला, मी टाकला.

बाळू सिंगापूर, रात्री १०.०५
गाडीत बसलो. कसारा चढतेय. रिपोर्ट अजून नाही.

आबा, १०.१२
ताई, माले एक सांग. पोऱ्या गाडीत बसी गया, रिपोर्ट मागून येई. मंग ती तपासणी कसानी? चोर वाड्यात शिरल्यावर रखवालदार त्याचं नाव लिहून घेतो, तसं झालं हे.

ताई पुणे, १०.२६
आबा, लांबलचक लिहिते, चष्मा लावून वाचा.
तुम्ही कपाशीत कामगंध सापळे लावता, मादीच्या वासाने नर पाखरं ओढणारे. हेक्टरी पाच. पाच सापळ्यांनी सगळी गुलाबी बोंडअळी मरते का? नाही. सापळ्यात पाखरं किती येतात ते मोजायचं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ आली की फवारणीचं बघायचं. विमानतळावरची काडी तशीच. शंभरातल्या दोघांना तपासून विषाणू अडत नाही, आणि कोणी तसा दावाही करू नये. बाहेर कोणत्या जातीचं पाखरू उडतंय ते कळतं. पॉझिटिव्ह आलेला नमुना जिनोम सिक्वेन्सिंगला जातो. या विषाणूचं सगळं बाड म्हणजे साधारण ३० हजार अक्षरं. ती ओळीने वाचायची आणि जुन्या प्रतीशी ताडून बघायची, कुठे अक्षर बदललंय ते. त्यासाठी २०२० च्या डिसेंबरात ‘इन्साकॉग’ नावाने देशातल्या दहा प्रयोगशाळा एकत्र आणल्या. आमच्या पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, त्यातलीच.

आबा, १०.३४
सापळा समजला. पण सापळ्यात सापडलेलं पाखरू आपण परत कपाशीत सोडत नाही. यास्नी त बाळूले गाडीत बसाडी दिन्हं.

ताई पुणे, १०.४१
😄 इथे तुम्ही बरोबर आहात आबा, माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या वर्षी असंच झालं. महाराष्ट्रातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण डोंबिवलीचा. दक्षिण आफ्रिकेतून दुबईमार्गे दिल्लीला उतरला, तिथे नमुना दिला आणि पुढच्या विमानाने मुंबईला आला. ४ डिसेंबरला कळलं की तो ओमिक्रॉन. पण कळलं, हेही खरं. नमुनाच घेतला नसता तर तेही नाही.

नाना धुळे, १०.४५
सरळ विमानं बंद करा. विषय संपला.

ताई पुणे, १०.५२
केली होती पप्पा. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जगाला सांगितलं की नवीन प्रकार सापडलाय, आणि दोन दिवसांत सगळ्यांनी त्यांचीच विमानं बंद केली. नंतर नेदरलँड्सने जुने नमुने काढून पाहिले, तर १९ आणि २३ तारखेच्या नमुन्यांत तोच निघाला. म्हणजे तो आधीच तिकडे पोचला होता. ज्याने प्रामाणिकपणे सांगितलं त्याच्याच शेताला कुंपण घातलं. उद्या बांधावर रोग दिसला तर कोण सांगेल?
चीनच्या ज्या बीएफ.७ ची, म्हणजे ओमिक्रॉनच्याच एका पोटप्रकाराची, टीव्हीवर बोंब चाललीय, तोसुद्धा गुजरातेत आधीच सापडून गेलाय.

आबा, १०.५५
हे मात्र खरं. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा पहिल्यांदा ज्याने झाडं उपटली, त्याच्याच बागेचं नाव गावभर झालं. बाकीचे गप्प बसून राहिले.

काकू, १०.५७
झोपा आता. बाळू, स्वेटर घाल, मनमाडनंतर गारठा आहे.

गुरुवार, २९ डिसेंबर

बाळू सिंगापूर, दुपारी ४.१८
पॉझिटिव्ह आला. तालुक्याच्या आरोग्य खात्याचाही फोन येऊन गेला. ताप नाही, काही नाही. सकाळपासून मळ्यातल्या खोलीतच आहे, घरी गेलोच नाही, त्यामुळे कोणी घाबरू नका.

काकू, ४.१९
मी येते.

बाळू सिंगापूर, ४.१९
येऊ नकोस.

वहिनी जळगाव, ४.३०
भाऊजी काळजी घ्या. रविवारी मी आणि पिल्लू नाही येत भरीत पार्टीला. वाईट वाटून घेऊ नका.

बाळू सिंगापूर, ४.३२
वहिनी, अगदी बरोबर करताय.

नाना धुळे, ४.४०
बीएफ.७ च असणार. सोयऱ्यांना काय सांगायचं? दोन फोन येऊन गेले, ‘तुमच्या पुतण्याने चीनचा आणला म्हणे’.

ताई पुणे, ४.४४
पप्पा, त्यांना कोणी सांगितलं??

नाना धुळे, ४.५८
ते जाऊ दे.

ताई पुणे, ५.०३
बाळू, रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू लिहिलीय का बघ.

बाळू सिंगापूर, ५.०६
३४

ताई पुणे, ५.१५
हं. मग बहुतेक सिक्वेन्सिंग जमणार नाही.
यंत्र नमुन्यातला विषाणूचा अंश दर फेरीला दुप्पट करत जातं. विषाणू भरपूर असला तर वीसेक फेऱ्यांतच दिसतो. तुझा दिसायला ३४ लागल्या. १४ फेऱ्या जास्त म्हणजे २० वाल्यापेक्षा जवळजवळ सोळा हजारपट कमी. एवढ्या तुटक्या मालातून ३० हजार अक्षरं सलग लागत नाहीत. हल्लीच आजारी पडला होतास का?

बाळू सिंगापूर, ५.१८
नोव्हेंबरात सर्दी झाली होती. चार दिवसांत बरा झालो, तपासलं नाही.

ताई पुणे, ५.२१
त्याचंच उरलंसुरलं असू शकतं. नव्याने लागण होतेय असंही असू शकतं. खोलीतच थांब.

नाना धुळे, ५.२५
म्हणजे बीएफ.७ नाही?

ताई पुणे, ५.२६
सांगता येणार नाही.

नाना धुळे, ५.२६
मग काय आहे?

ताई पुणे, ५.२७
सांगता येणार नाही, पप्पा.

आबा, ५.४०
टीव्हीवर आलं आत्ता. १ तारखेपासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड, या सगळ्यांना निघण्याआधीच तपासणी करावी लागेल. बाळू चार दिवस उशिरा निघता त तिकडेच अडकला असता.

काकू, ५.४१
बरं झालं आला.

ताई पुणे, ५.५०
खरं तर काडी घालायचीही गरज पडू नये. ऑस्ट्रेलियात २०२० मध्येच विमानाच्या संडासाच्या टाकीतलं पाणी तपासून त्यात विषाणू शोधून पाहिलाय. कोणाचं नाव नाही, नंबर नाही, अख्ख्या विमानाचा एक नमुना. मग सोयऱ्यांचे फोनही नाहीत.

काकू, ५.५२
शी! जेवणाच्या वेळेला काय बोलतेस.

रविवार, १ जानेवारी

आबा, सकाळी ९.१०
बामणोदची वांगी आली, दहा किलो. भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या वाळल्या शेतस. पार्टी मळ्यातच, विहिरीकडे. बाळूच्या खोलीपासून वारा उलटा आहे, मी पाहून घेतलं. त्याचं ताट ओट्यावर ठेवू, आम्ही लांब बसू.

नाना धुळे, ९.१४
मी निघालो. मास्क आणतोय सगळ्यांना.

वहिनी जळगाव, ९.२०
आमच्या वाटणीचा डबा जळगावला पाठवा. कळण्याच्या पुऱ्या जास्त.

काकू, ११.३५
बाळू, मिरची किती घालू? आणि वास येतो ना रे तुला?

बाळू सिंगापूर, ११.३६
येतो. दार लावलंय तरी पऱ्हाटीचा धूर आत येतोय. मिरची आबा खातात तेवढी घाल.