वेग २००, तरीही व्हिडिओ अडखळतो

प्रश्न: घरचे इंटरनेट कनेक्शन २०० एमबीपीएसचे (सेकंदाला २०० मेगाबिट) असून वेगाच्या चाचणीत तेवढा वेग दिसतोही, तरी रात्री टीव्हीवर व्हिडिओ लावला की चक्र फिरत राहते. दोष कोठे असावा?

उत्तर: चाचणी मोबाइलवर, राउटरशेजारी बसून घेतली असेल, तर तिचा फारसा उपयोग नाही. ४के, म्हणजे अतिस्पष्ट, चित्राला साधारण २५ एमबीपीएस पुरतात. मात्र शेजाऱ्यांच्या वाय-फायने गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फाय लहरींच्या पट्ट्यावरून भिंतीपलीकडच्या टीव्हीपर्यंत कधी तेवढेही पोहोचत नाहीत. राउटरपासून टीव्हीला थेट नेटवर्क केबल जोडून पाहावी.

दुसरे उत्तर: केबल जोडूनही रात्रीच, तेही एकाच सेवेवर अडखळत असेल, तर त्या सेवेच्या सर्व्हरकडे (व्हिडिओ पाठवणाऱ्या संगणकाकडे) जाणाऱ्या मार्गावर गर्दी असू शकते, चाचणीचा सर्व्हर बहुधा जवळचा असल्याने ती चाचणीत दिसत नाही.

प्रश्नकर्ता: केबल जोडली, चक्र थांबले. राउटर कपाटात ठेवलेला आहे, हे सांगायचे राहिलेच होते.