मदत हवी आहे: बाबांसाठी एकाच आवाजातल्या कादंबऱ्या

नमस्कार मंडळी. माझे बाबा ७६ वर्षांचे. डोळ्यांच्या पडद्याच्या त्रासामुळे गेल्या वर्षापासून वाचन बंद झालंय. आयुष्यभर डिकन्स आणि जॉर्ज एलियट वाचणारा माणूस नुसता बसून राहिलेला बघवत नाही.

लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेल्या जुन्या कादंबऱ्या फुकट ऐकता येतात, हे कळलं आणि मोबाइलवर जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' लावून दिली. पहिले दोन दिवस बाबा खूश होते. पण ते रेकॉर्डिंग अनेकांनी मिळून केलेलं. दर थोड्या प्रकरणांनी आवाज बदलतो, उच्चार बदलतात, आणि बाबांचा धागा तुटतो. ८६ प्रकरणांच्या पुस्तकात हे फार जाणवतं. वाचणाऱ्यांबद्दल तक्रार मुळीच नाही. कुणीतरी पदरमोड न बघता आपला वेळ देऊन हे करतंय, याचं मला मनापासून कौतुक आहे.

तर, 'मिडलमार्च' किंवा 'डेव्हिड कॉपरफील्ड' पूर्ण एकाच व्यक्तीने, जरा सावकाश वाचलेलं तुम्ही ऐकलंय का? कुठली आवृत्ती घ्यावी? आणि जिथे थांबलो तिथूनच पुन्हा सुरू होईल, बटणं मोठी असतील, असं साधं अ‍ॅप कोणतं?

आणखी एक. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्या कधीच हक्कमुक्त झाल्या आहेत. त्यांचं 'पण लक्षांत कोण घेतो' कुणी असं वाचून ठेवलंय का? नसेल तर मी स्वतः वाचायला तयार आहे. घरच्या घरी, पंख्याचा आवाज न येता रेकॉर्ड कसं करायचं, तेवढं कुणी शिकवा.