उधाणात मिळालेल्या तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) शनिवारपर्यंत कशा टिकवायच्या?

खानावळ_भाट्ये
रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ माझी छोटी खानावळ आहे. तिसऱ्या भरपूर मिळतात त्या पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी लांब जातं तेव्हा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, टोपलीचा तळही झाकत नाही. गिऱ्हाईक मात्र शनिवार-रविवारचं. म्हणून गुरुवारी ४ किलो घेतल्या, नळाखाली धुतल्या, पिशवीत वर बर्फ घालून गाठ मारली आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. आज सकाळी पिशवी सोडली तर निम्म्याहून जास्त आ वासलेल्या, वास सुटलेला. सगळ्या माडाच्या बुंध्याशी पुरल्या. चिखलात वाकून वाकून ज्या बाईने काढल्या, तिचे कष्ट डोळ्यांसमोर आले. फ्रीजर लावायला हवा होता का?

खाडीची_लेक
ताई, तुमच्या तिसऱ्या गुदमरल्या. शिंपल्यात जीव असतो, त्याला हवा लागते. त्यात बर्फ वितळून गोडं पाणी साचलं, ते खाऱ्यातल्या जिवाला सोसत नाही.

आधी फुटक्या बाजूला काढा. उघडी दिसली तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही तर टाकून द्या. रेव सुटायला ३-४ तास मिठाच्या पाण्यात ठेवा, लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ. भांडं पसरट घ्या, एकावर एक ढीग नको. मग निथळून चाळणीत ठेवा, चाळणीखाली ताट, वर ओलं पिळलेलं फडकं. झाकण नाही, पिशवी नाही. फ्रीज ४-५ अंशांवर, जागा खालची, भाजीच्या खणाजवळ. रोज निवडायच्या. एक मेलेली आत राहिली की बाकीच्यांनाही वास लागतो.

मी दोन दिवसांवर ठेवत नाही, आणि खानावळीत तर तुम्हीही ठेवू नका.

बर्फाचा_कारखाना
फ्रीजरबद्दल. एकशिपी (एक शिंप काढून, मांस दुसऱ्या शिंपेतच ठेवून करतात ती) करायच्या आधी तिसऱ्या थोडा वेळ फ्रीजरमध्ये घालतात, तोंडं सहज उघडतात म्हणून. पण त्यात त्या मरतात, तेव्हा लगेच विळीवर घ्याव्यात. परत खालच्या कप्प्यात ठेवल्या तर तुमच्यासारखंच होणार.

जास्त दिवसांसाठी जिवंत असतानाच वाफवा. तोंडं उघडली की मांस काढा, सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून त्यातच भिजवा, भरपूर चव त्या पाण्यात असते. गार झाल्यावर एका वेळेला लागेल एवढीच पाकिटं चपटी भरा. चपटं पाकीट लवकर गोठतं, बर्फाचे कण बारीक राहतात, मांस चिवट होत नाही. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चांगलं राहतं. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नका. नासायला लागलेलं मात्र फ्रीजर सुधारत नाही.

खानावळ_भाट्ये
अमावास्येच्या उधाणात परत घेतल्या, ५ किलो. निम्म्या चाळणीत ठेवल्या, निम्म्या त्याच संध्याकाळी वाफवल्या. शनिवारी चाळणीतल्या अकरा टाकाव्या लागल्या, बाकीच्या टिचकीसरशी मिटत होत्या. गाळलेलं पाणी सुक्यात घातलं, मीठ वेगळं घालावंच लागलं नाही. त्या बाईला पुढच्या उधाणाचे पैसे आधीच देऊन आले.