फोमच्या चिलखताला कचरा म्हणण्यापूर्वी

गोदाकाठचा बाप

'स्वस्त फोमची सोंगे' या मथळ्याचे काल येथे आलेले लेखन मी दोनदा वाचले आणि तरीही राग गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकच्या धुळवडीच्या वीरांच्या मिरवणुकीत मुलांच्या अंगावर दिसणारी फोमची चिलखते म्हणजे पैसे देऊन घरात आणलेला कचरा आहे, त्यांत कारागिरी नाही, ती करताना निघणारा धूर मुलांच्या छातीत जातो आणि पालकांनी त्याऐवजी पुठ्ठा किंवा कागदाचा लगदा वापरावा, असे त्यात म्हटले आहे. धुराचा मुद्दा मी पुढे घेतो. पण 'कारागिरी नाही' हे वाक्य ज्याने एकदाही फोम कापलेला नाही त्यानेच लिहिलेले असणार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी एका दुकानातून पत्र्याचे चिलखत भाड्याने आणले होते. त्याची गळ्याकडची कड दुमडलेली नव्हती. रामकुंडापर्यंत पोहोचेतो मुलाची मान सोलून निघाली आणि एका हातात घरच्या वीराचा टाक, म्हणजे पूर्वजाची धातूवरची प्रतिमा, व दुसऱ्या हातात ओला रुमाल धरून मी ती मिरवणूक पुरी केली. त्यानंतर भाड्याचे काही आणायचे नाही, असे घरात ठरले.

लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या, एकमेकांत अडकणाऱ्या, १० मिमी जाडीच्या ईव्हीए या लवचिक प्लास्टिकच्या फोमच्या चटया मी आणल्या. मुलाला बनियनवर स्वयंपाकघरातील पारदर्शक फिल्मने गुंडाळले, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर दिले, त्यावर शिवणी आखल्या आणि ते कवच कात्रीने उलगडून कागदावर सपाट केले. ही एवढी एकच पायरी चुकली तर पुढचे सगळे काम वाया जाते. सांध्याच्या कडा सरळ न कापता तिरक्या कापाव्या लागतात, नाहीतर कोपऱ्यावर फट राहते. पाते बोथट झाले की फोम कापला न जाता कुरतडला जातो. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने पृष्ठभाग तापवला की त्याची छिद्रे मिटून त्यावर किंचित चकाकी येते. त्या क्षणी तो गुडघ्यावर दाबून बाक द्यायचा आणि गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. माझे आजोळ तांबट लेनजवळचे. तांब्याच्या पत्र्याला ठोके देताना कारागिराची नजर कशी कडेवर खिळलेली असते, हे मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. फोमला बाक देताना मला तीच नजर लागली.

चुकाही सांगतो. पहिल्या चिलखताला मी गरम गोंदाच्या कांड्या वापरल्या आणि मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत राहिले, तेव्हा सगळे सांधे उघडले. दुसऱ्या वेळी सिंथेटिक रबरचा डिंक दोन्ही कडांना लावला, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबलो आणि मगच कडा टेकवल्या. ते चिलखत दोन धुळवडी आणि एक शिवजयंती वापरले, आणि अजून एकही सांधा सुटलेला नाही. याला कचरा म्हणायचे असेल तर कोणत्या वस्तूला म्हणायचे नाही, हे लेखकाने सांगावे.

लगदावाला, पेठ

ते लेखन माझे आहे, त्यामुळे उत्तर देणे माझ्याकडे आले. 'सोंगे' हा शब्द तुम्हाला टोचला असेल तर आधी तेवढे स्पष्ट करतो. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवात, सोंग घेणे हा मान आहे आणि काही सोंगे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असतात. त्या शब्दाने मी कोणाचा अपमान केलेला नाही.

आता मूळ मुद्दा. ईव्हीएच्या चटया ज्या फोमच्या असतात त्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे पिशवीचे प्लास्टिक जसे वितळवून पुन्हा ओतता येते तसा हा फोम ओतता येत नाही आणि तो कुजतही नाही. त्यातून २०१० च्या अखेरीस बेल्जियम आणि फ्रान्समध्ये याच प्रकारच्या चटयांची विक्री फॉर्मामाइड या रसायनामुळे थांबवण्याची पावले उचलली गेली होती. तुमच्या चटईवर ती कशापासून केली याचा मजकूर तुम्ही तरी वाचला होता का? हीट गनच्या तोंडाशी हवा कित्येक शे अंश तापलेली असते. फोम जळू लागला की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तुम्ही वर्णन केलेल्या डिंकात टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्यांच्या वाफेने डोके गरगरते आणि ती पेटही घेतात. या तीन गोष्टींपैकी एकीचेही उत्तर तुमच्या पोस्टमध्ये नाही. 'पुढे घेतो' असे म्हणून तुम्ही धूर तेथेच सोडून दिला आहे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी गोदाघाटावर गेलो होतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यात चंदेरी रंग दिलेला फोमचा खांदा पडलेला होता आणि त्याच्या बक्कलात निर्माल्य अडकले होते. ते उचलून मी घरी आणले, आणि त्या रात्री तो मजकूर लिहिला. आमचा मुखवटा कागद, लगदा आणि रंग यांचा असतो; त्याचे आयुष्य संपले की तो मातीत जातो.

भद्रकालीची शिंपीण

मी तीस वर्षे शिवणकाम करते, म्हणून कापणीपुरतेच बोलेन. भाऊ, तुम्ही बनियनवर माप घेतले आणि त्यावरून १० मिमीचा फोम कापला. त्या जाडीचा फोम अंगाभोवती पूर्ण गोल फिरला की बाहेरच्या कडेचा घेर आतल्या घेरापेक्षा सुमारे ६३ मिमीने वाढतो. कागद मात्र आतल्या घेराचाच असतो. तिरक्या कडा कापताना हा फरक धरला नसेल तर अंगावरचा घेर आकसतो, आणि मूल ते सांगत नाही, कारण त्याला मिरवायचे असते. मुलाने दोन्ही हात डोक्यावर नेले तेव्हा छातीची पाटी हनुवटीला लागली का? तो खाली बसू शकला का? त्यात भोके नसतील तर घाम कोठे जाणार?

लगद्याचेही मी काम केले आहे. एका शाळेच्या नाटकासाठी लगद्याच्या छातीपाट्या केल्या होत्या. त्या दिसायला देखण्या झाल्या, पण मुले वाकली की मध्ये तडकत होत्या, आणि रंगपंचमीच्या पाण्यात त्यांचे काय होईल हे तर कोणीही सांगेल. मुखवटा वाकत नाही, धड वाकते. दोन्हींना एकच माल चालणार नाही.

चारआईना

तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही की ते चिलखत होते कोणाचे. मिरवणुकीत मी पाहतो ती फोमची चिलखते म्हणजे युरोपातील घोडेस्वाराचे पोलादी धड असते. छातीवर टोपलीसारखी फुगीर पाटी, खांद्यावर एकावर एक चढवलेल्या पाट्या, आणि त्यावर भगवा शेला टाकला की झाला मावळा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली घातलेले चिलखत एकमेकांत गुंतवलेल्या लोखंडी कड्यांचे होते. आपल्याकडे कड्यांचा अंगरखा असे, त्यावर ऐपतीप्रमाणे चारआईना, म्हणजे चार पाट्यांचे कवच, आणि हाताला दस्ताना, म्हणजे हातकवच. मुलाला आपण वीर म्हणून उभे करतो आणि दुसऱ्याच देशाचा सरदार करून टाकतो, याचे दुःख फोमच्या धुरापेक्षा मला मोठे वाटते.

गोदाकाठचा बाप

शिंपीणताई, हात वर नेल्यावर पाटी हनुवटीला लागत होती, हे मला मान्य करावे लागते. मी ते पाहिले होते आणि मुलगा तक्रार करत नाही म्हणून सोडून दिले होते.

लगदावाल्यांना उत्तर. डिंक आणि हीट गन ही दोन्ही कामे मी गच्चीवर केली. डिंक पूर्ण वाळून त्याचा वास गेल्याखेरीज गन चालू केली नाही, आणि मुलगा त्या वेळी खाली होता. हे मी आधी लिहायला हवे होते. मात्र घाटावर सापडलेला खांदा माझा नव्हता. तो टाकणाऱ्या माणसाचा दोष तुम्ही वस्तूवर टाकता, आणि वस्तूवरून माझ्यावर, हे मला मान्य नाही.

आणि 'चारआईना' महाशय, नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगावर दहा किलोच्या आसपास वजनाची कडी घालायची, असे तुमचे म्हणणे आहे का?

चारआईना

मी वजनाबद्दल अक्षर लिहिलेले नाही. मी आकाराबद्दल लिहिले. जो माल कोणताही आकार घेतो असे तुम्ही अभिमानाने सांगता, त्याला बरोबर आकार देण्याचे कष्ट का घ्यायचे नाहीत? परदेशी पात्रांसाठी केलेले कागदी नमुने लोक जसेच्या तसे छापून घेतात, कारण ते आयते मिळतात. कोणी संग्रहालयातील एका चिलखतासमोर उभे राहून माप डोळ्यांत साठवत नाही. हा आळस आहे, आणि त्याला कारागिरी म्हणणे मला सहन होत नाही.

सातपूरची शाळाबाई

हे वाचून मला लिहावेच लागत आहे. एका शाळेत शिवजयंतीच्या वेशभूषा स्पर्धेत माझ्या वर्गातील एक मुलगा फोमचे चिलखत घालून आला होता. त्याच्या वडिलांनी कारखान्यातील रात्रपाळी करून, आठवडाभर दिवसाची झोप मोडून ते बनवले होते. परीक्षकांनी सर्वांसमोर त्याला विचारले, 'हे मावळ्याचे आहे की रोमन शिपायाचे?' मुले हसली. तो मुलगा पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरला नाही, आणि त्याचे वडील मला दारात भेटले तेव्हा 'बाई, आम्हाला माहीत नव्हते' एवढेच म्हणाले. ज्यांना माहीत आहे त्यांनी आधी का सांगितले नाही, हा माझा प्रश्न आहे. तुमच्याकडे ज्ञान असेल तर ते फेब्रुवारीच्या आधी द्या. मूल मंचावर उभे राहिल्यावर देऊ नका.

चारआईना

बाई, तो परीक्षक मी नव्हतो. तरीही असेच वाक्य दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी उच्चारलेले आहे, आणि ते मूल कोणाचे होते हे मला आठवत नाही. यापुढे काही म्हणण्याआधी मला जे सांगता येते ते सांगतो.

चारआईना म्हणजे चार पाट्या. एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन बगलांखाली. बगलेच्या दोन पाट्या उंचीला कमी असतात आणि वरच्या बाजूला हातासाठी अर्धगोल कापलेल्या असतात. चौघी चामडी पट्ट्यांनी आणि बक्कलांनी एकमेकींना जोडतात. पाट्या जवळपास सपाट असतात, किंचित बाक पुरे होतो. कडेला उठावाची पट्टी आणि मध्ये नक्षी. खालचा कड्यांचा अंगरखा फोमचा करू नये. रंगभूमीवर तो जाड सुतळी विणून आणि तिला चंदेरी रंग देऊन करतात, आणि चार हातांवरून ते लोखंडच वाटते.

भद्रकालीची शिंपीण

मग माझी अर्धी तक्रार येथेच संपली. चार पाट्या वेगळ्या असल्या तर अंगाभोवती फोमचे बंद वर्तुळच राहत नाही, घेर पट्ट्यांवर सैल-घट्ट करता येतो, आणि पाट्यांमधल्या फटीतून हवा जाते. बगलेची पाटी आखूड असल्याने हात वर जाईल. छातीची पाटी मात्र गळ्याच्या खळग्यापासून चार बोटे खालीच सुरू करा, तरच हनुवटी मोकळी राहील. पट्टीसाठी निवार घ्या. दप्तरे दुरुस्त करणाऱ्याकडे ती बक्कलासकट मिळते. विणकाम मुलाच्या उघड्या अंगावर येऊ देऊ नका, सुतळी खाजते. आत सुती अस्तर हवेच.

लगदावाला, पेठ

ताईंचे वाकण्याबद्दलचे म्हणणे मला खोडता येत नाही. धडासाठी लगदा टिकत नाही, हे आमच्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच बोहाड्यात अंगावर कापड आणि चेहऱ्यावर मुखवटा असतो. पण त्यावरून फोम निर्दोष ठरत नाही. नवीन चटई आणू नका. ज्यांची मुले मोठी झाली त्यांच्या घरी जुन्या चटया पडून असतात, त्या कापा. दस्ताना आणि जिरेटोप फोमचे करू नका, ते वाकत नाहीत, ते लगद्याचे होतील. एवढे मान्य असेल तर 'कचरा' हा शब्द मी मागे घेतो, बाकीचा मजकूर घेणार नाही.

गोदाकाठचा बाप

जिरेटोप लगद्याचा करतो. दस्ताना मात्र फोमचाच राहील, कारण मनगटाच्या आतून तो उघडता यायला हवा आणि मुलगा तो दिवसातून दहा वेळा काढतो. येथे मी मागे हटणार नाही.

जुन्या चिलखताचे सांधे मी काल रात्री उकलायला घेतले. रबरी डिंकाने धरलेल्या कडा सुटेनात, म्हणून त्या कापाव्याच लागल्या. पण छाती आणि पाठ यांतून दोन मोठ्या पाट्या निघाल्या आणि खांद्यांच्या तुकड्यांतून बगलेच्या दोन निघतील. जुना रंग बाक दिलेल्या जागी तडकला होता, कारण रंगाखाली पांढरा गोंद पाणी घालून चार वेळा लावला तरी वाळल्यावर तो ताठच होतो. या वेळी रबरी लेप देणार आहे, आणि तोही गच्चीवर. 'चारआईना' यांनी बगलेच्या पाटीचा अर्धगोल किती खोल असतो ते कळवावे, कारण मुलाला उभे करून मी कागद धरला आहे आणि कात्री तेथेच थांबलेली आहे.

चारआईना

पाटीच्या उंचीच्या चौथ्या भागाइतका धरा. मुलाचा हात अंगाशी सोडून पाहा. कागद काखेला टेकला तर आणखी एक बोट कापा.