मदत हवी आहे : रामपंचायतनाच्या जुन्या तसबिरीची फळी कशी काढावी?

मुक्काम अमळनेर. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचं (स्थापना १८७८) रामपंचायतन, शिळाछाप (दगडावरून छापलेलं, लिथो). भिंगाखाली ठिपके वेडेवाकडे दिसतात, जाळीसारखे ओळीत नाहीत. म्हणजे नंतरचं ऑफसेट नव्हे.

कागद खळीने थेट देवदारी फळीवर डकवलाय. लाकडातल्या आम्लाने तो तपकिरी, ठिसूळ झालाय. सीतेच्या पदराशी कसरीने खळीपायी कुरतडलाय. मारुतीचा शेंदरी रंग ओल्या कापसाला लागतो, म्हणजे पाण्यात भिजवणं बाद.

चित्र पालथं ठेवून फळीच पटाशीने पापुद्र्या-पापुद्र्याने उतरवावी का? शेवटचा पापुद्रा कसा सोडवायचा? आपल्याकडच्या मे महिन्यात कागद तडकेल, पावसाळ्यात बुरशी धरेल.

जळगाव-धुळ्याकडे गव्हाच्या खळीने मागून जपानी कागदाचं (पातळ पण चिवट) अस्तर लावणारं कुणी आहे? लॅमिनेशन कृपया सुचवू नका.